चादरीच्या वजनानं घेतलेली रॅकेट

पुणे, ४ ऑगस्ट २०२४

जोतीदादा,

आमच्या वसतिगृहात फोन कपाटात कुलूपबंद असतात. तू तर तुझा फोन विकून गोकर्णाला जाऊन आलास, असं तात्या म्हणाले. म्हणून हे पत्र. चुलतभावाला कागदावर पत्र लिहिणारी इथं मी एकटीच, मुली हसतात.

काम आहे. माझी स्क्वॉशची रॅकेट गेली. क्लबातल्या साहेबांनी तात्यांना दिली होती, तीच काळी. चौकटीला चीर पडलीय, चेंडू लागला की डबड्यासारखी वाजते. २१ सप्टेंबरला इथं निवड चाचणी आहे. जी हरेल तिनं बिछाना गुंडाळून घरी जायचं. मला घरी यायचं नाही. आले की कॉलेज, शिलाई क्लास आणि पाहुणे, या तीन गोष्टी माझी वाट बघत बसल्यात.

तात्यांना क्लबाची रखवाली सोडून बाजारात जाता येत नाही. गेले तरी दुकानदार देईल ते नमस्कार करून घेऊन येतील. तू निदान भांडतोस. नवी पेठेत गुरुसिद्धप्पांच्या दुकानात बघ. हलकी पाहिजे. बाकी सगळं विसरलास तरी एवढं विसरू नको.

सोनाली


सोलापूर, ११ ऑगस्ट

सोने,

आशीर्वाद काकीकडून घे, माझ्याकडचे संपलेत.

तुझं पत्र आलं तेव्हा मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत होतो. टॉवेलचा कारखाना. माग चालवायला देत नाहीत, घड्या घालायला बसवलंय. मालक प्रभुशेठ. माणूस असा, की पंख्याखाली स्वतः बसतो आणि आम्हाला म्हणतो, हवा खेळती हाय बघा. काल म्हणाला, "जोतिराम, तुझं लक्ष कुटं असतंय रे?" मी म्हणालो, "टॉवेलात लक्ष ठेवण्यासारखं काय हाय ते दाखवा शेठ, मग ठेवतो की." तेव्हापासून बोलत नाही. बरं झालं. तिथं एक कुत्रं आहे, नाकारलेल्या मालाच्या ढिगावर झोपतं. कारखान्यात समाधानी असा तेवढाच एक जीव.

हां, तुझा खेळ. तो मी एकदा पाहिलाय, क्लबाच्या मागच्या त्या खोलीत. दोन जाडे साहेब, लिंबाएवढा काळा चेंडू आणि एक भिंत. भिंतीनं त्यांचं काय वाकडं केलं होतं कोण जाणे. बडव बडव बडवली. मग घाम पुसत बाहेर आले आणि एकमेकांना म्हणाले, छान खेळलात. भिंत होती तिथंच. कबड्डीत निदान समोरच्याला हात लावायला मिळतो. तुमच्यात दोघंही एकाच दिशेला तोंड करून भांडतात. असल्या खेळासाठी पुण्याला जाऊन राहायचं, पहाटे उठायचं आणि घरी यायचं नाही म्हणून रडायचं, हे मला झेपत नाही.

आणि हलकी म्हणजे काय? हलका माल मागणारं गिऱ्हाईक सोलापुरात मी पहिल्यांदाच बघतोय. हितं माणूस चादर हातावर तोलून बघतो. हलकी निघाली की दुकानदाराच्या पुढ्यात टाकून उठतो. नीट सांग काय ते.

जोती


पुणे, १७ ऑगस्ट

दादा,

रॅकेट म्हणजे चादर नव्हे. ती अंगावर घ्यायची नसते.

नीट ऐक. रॅकेट आपल्या खेळावर ठरते. ज्याचा मार दांडगा, त्याला डोक्याकडं जड असलेली बरी, ती स्वतःच्या वजनानंच चेंडू ढकलते. मी तशी खेळत नाही. मी चेंडू उंच उडवून मागच्या कोपऱ्यात उतरवते, नाहीतर पुढच्या भिंतीला नुसता टेकवते, की तो तिथंच खाली बसतो. समोरची पुढं-मागं पळत राहते. मी कुठं मारणार ते शेवटच्या क्षणापर्यंत तिला कळू द्यायचं नाही, हाच माझा खेळ. त्यासाठी मनगट ऐनवेळी वळायला लागतं, आणि जड डोकं वळत नाही. म्हणून हलकी. गटिंग, म्हणजे तिची जाळी, ताणून बांधायला सांग. सैल जाळी चेंडू लांब फेकते, ताणलेली सांगू तिथं ठेवते. मूठ बारीक.

आमच्या सरांना माझा खेळ आवडत नाही. म्हणतात, "हा म्हातारीचा खेळ आहे. चाचणीला बाहेरून माणसं येतात, त्यांना मार दिसला पाहिजे." मी हो म्हणते आणि मला पाहिजे तेच करते. पण चिरलेल्या रॅकेटनं माझा चेंडू टेकतही नाही आणि लागतही नाही. लवकर पाठव. आणि तो कारखाना एवढ्यात सोडू नको, आई काळजी करते.

सोनाली


सोलापूर, २७ ऑगस्ट

सोने,

कारखाना सोडला. काकीला तू सांग, माझं ती ऐकत नाही.

तुझं काम फत्ते. गुरुसिद्धप्पाच्या दुकानात गेलो. बाहेर क्रिकेटच्या बॅटी टांगलेल्या, आत तो कॅरम बोर्डावर पावडर टाकून एकटाच खेळत बसलेला. स्क्वॉश म्हटल्यावर आधी मला सरबताचं दुकान दाखवायला निघाला होता. मग माळ्यावरून दोन रॅकेट काढल्या. कुणा साहेबानं मागवल्या आणि बदली झाली म्हणून नेल्याच नाहीत.

म्हणाला, "ही जड हाय, ही हलकी हाय. तुमाला कुटली?"

मी डोळे मिटून दोन हातांवर दोन्ही तोलल्या. सोने, ती हलकी हातात आहे की नाही हेच कळेना. पापड. तांदळाचा पापड. ज्ञानबातात्यानं पोरीला पापड देऊन लढाईला पाठवलं, असं लोक म्हणतील. दुसरी घेतली तर मनगट आपसूक खाली. चौकट अशी भरीव, की दारामागं ठेवली तर चोर फिरकणार नाही. मी विचारलं, "गुरुसिद्धप्पा, खरं सांगा, यातला माल कुठला?" तो म्हणाला, "वजनाला कोण खोटं म्हणणार?" सोलापूरच्या माणसाचं बोलणं असं सरळ असतं.

जडवाली घेतली. मूठ पण भक्कम आहे. जाळी थोडी सैल ठेवली, मूळची तशीच होती आणि ताणायचं मशीन बिघडलं होतं. तुझे सर म्हणतात मार, तर मार की. पापडानं काय मारणार होतीस? पार्सल टॉवेलात गुंडाळलंय. नाकारलेला माल आहे, कडेचा मोर डोक्यावर उभा विणला गेलाय. ठेव तुला.

आभार मानायची घाई नाही.

जोती


पुणे, ३ सप्टेंबर

जोतीदादा,

मोर मिळाला. तो डोक्यावर उभा आहे आणि पाठवणाराही.

एकच शब्द सांगितला होता. त्याचाच उलटा अर्थ केलास. ही रॅकेट आहे की उसाचं टिपरू? उचलायच्या आत चेंडू निघून जातो. मनगट वळवायला गेले तर ही मलाच वळवते. मूठ एवढी जाड, की बोटं एकमेकांना भेटत नाहीत. आज माझे तीन चेंडू सरळ टिनवर गेले. टिन म्हणजे पुढच्या भिंतीखालचा पत्रा, त्याला चेंडू लागला की ठण् वाजतं आणि गुण समोरचीला. पूर्ण कोर्टाला ऐकू जातं.

तू दहावीनंतर काहीच पुरं केलं नाहीस, त्याबद्दल मी कधी बोलले नाही. आता बोलते. आयटीआय अर्धं, टेम्पोवरचं काम अर्धं, गोकर्ण अर्धं, टॉवेल अर्धे. आणि माझी एक वस्तू आणायला सांगितली, तीसुद्धा तू तुझ्या डोक्यानं आणलीस. चाचणीला अठरा दिवस आहेत. परत करून हलकी मिळते का बघ. नसेल बघायचं तर तसं लिही.

सोनाली


सोलापूर, ९ सप्टेंबर

सोनाली,

पूर्ण नावानं लिहिलंय, समजून घे.

गुरुसिद्धप्पा परत घेणार नाही. म्हणाला, वापरलेला माल आहे, तुमच्या बहिणीनं टिन वाजवलाय. हलकी तिथंच आहे, मोकळ्या खिळ्यावर टांगलीय. मी तिच्याकडं बघितलं नाही.

आता तुझ्या बोलण्याचं. माणसानं अर्धं सोडलं म्हणजे त्याला उरलेलं अर्धं कळलं नव्हतं असं नाही. टॉवेलाची घडी मला पहिल्याच दिवशी कळली होती, पुढं रोज काय नवीन कळणार होतं? गोकर्णाला समुद्र पाहिला. तो पुढंही तसाच आहे म्हणाले, म्हणून परत आलो. वाटेत एक नीलम्मा नावाची म्हातारी भेटली, विजापूरची, तिनं मला कानडीत अर्धा तास शिव्या दिल्या. मी तिच्या पोत्यावर बसलो होतो. पोत्यात चिंच होती. हे तुला का सांगतोय? हां. तिच्या शिव्यांतही तुझ्यापेक्षा माया होती.

तुझं पत्र आलं त्या दिवशी रागानं क्लबात गेलो. तात्याला म्हटलं, बघू दे तुमचा भिंतीचा खेळ, काय एवढं नाजूक असतंय त्यात. साहेब लोक गेल्यावर तात्यानं कोर्ट उघडलं. त्याच्याकडं अजून एक जुनी रॅकेट आहे, मला दिली. स्वतः ती पितळी मुठीची काठी टेकवून ठेवली आणि कुणाची तरी मोडकी घेतली. त्याचा गुडघा तुला माहीत आहे. मी दणकून मारला. चेंडू भिंतीवरून आला तो माझ्याच कानावर. दुसरा मारला, तो वरच्या दिव्याला. तात्या कोर्टाच्या मधोमध उभा राहून नुसता रॅकेट पुढं करायचा. मी मात्र या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. एक गुण मिळाला नाही. शेवटी तात्या म्हणाला, "जोत्या, तू चेंडूला मारतोस, का चेंडूवर रागावतोस?"

भिकार खेळ आहे. चेंडू गरम झाल्याशिवाय उडतसुद्धा नाही, आधी त्याला बडवून जागं करायचं. मी पुढच्या आठवड्यात कारवारला निघतोय. तिकडं मासेमारीच्या बोटीवर काम मिळतं म्हणतात.

जोतिराम


पुणे, १३ सप्टेंबर

दादा,

तू निघ कारवारला. रॅकेटचं मिटलं.

सरांनी ती हातात घेतली आणि म्हणाले, "आता खरी रॅकेट आली." रोज सकाळी मला वेगळं उभं करून मारायला लावतात. मी जोरात मारते. चेंडू जोरात परत माझ्याकडंच येतो, समोरचीला पळावंच लागत नाही. काल आरोहीशी खेळले. ती उंच आहे, खांद्यातून मारते, तिला हीच रॅकेट शोभली असती. सगळे डाव हरले. सर म्हणाले, "हरलीस, पण शोभलीस." कोपर दुखतंय, बर्फ लावते.

तेव्हा तूच बरोबर होतास. वजन म्हणजे माल. चाचणीत बहुतेक आरोहीच वाट्याला येईल. आईला काही सांगू नको. एकविसाव्या तारखेनंतर मी येतेच आहे, येताना मोर घेऊन येईन.

सोनाली


पुणे, तुझ्या फाटकाबाहेर, १९ सप्टेंबर

सोने,

टॉवेलच्या टेम्पोत बसून आलोय. ड्रायव्हर धुळाप्पा वाटेत मोडनिंबला जेवायला थांबला आणि एवढं जेवला, की नंतर गाडी मीच चालवतो की काय अशी वेळ आली. तुमचा रखवालदार म्हणतो भावालासुद्धा आत सोडत नाही, चाचणीच्या आधी कुणालाच नाही. मी म्हणालो, "मी काय आत येऊन इमारत उचलून नेणार हाय का?" तो म्हणाला, "नियम आहे." तात्या रखवालदार आहे, पण असं नियम आहे म्हणताना त्याला निदान लाज वाटते. म्हणून हे पत्र आणि सोबतचं पार्सल याच्याकडं देतोय. मिळालं नाही तर याचं नाव विचारून ठेव.

तुझं पत्र वाचून आधी मला आनंद झाला. जोतिराम बरोबर होता, असं आजवर मला कुणी लिहून दिलं नव्हतं. चहाच्या टपरीवर दोघांना वाचून दाखवलं. त्यातला एक म्हणाला, "बहीण हाय व्हय? मग एवढं गोड का बोलायली?" तेव्हा मला ते खटकलं. तू जन्मात कधी माघार घेत नाहीस. लहानपणी माझं बोट चावलंस तेव्हाही बोटच वाकडं होतं म्हणालीस. आणि आता म्हणे वजन म्हणजे माल.

गावाकडं आपण शेरडं वळायला जायचो, आठव. माझ्या हातात बाभळीचं दांडकं. मी ते फेकायचो, शेरडं चौफेर उधळायची, आणि मग दिवसभर मी ती गोळा करत हिंडायचो. तू निरगुडीचा फोक घ्यायचीस, पानं ओरबाडून काढलेला. मारलेलं मी कधी बघितलं नाही. कानाला नुसता लावायचीस, की ती काळी द्वाड शेळीसुद्धा वळायची. उलट मलाच हसायचीस, दांडक्याला किती लांब पळवतोस म्हणून.

मी दुकानात डोळे मिटून माझ्यासाठी रॅकेट निवडली आणि तुझ्या पत्त्यावर पाठवली. झालं ते असं. तुझ्या सरांना आपली शेरडं वळायला दिली तर संध्याकाळी एकटेच घरी येतील. त्यांचं ऐकून दांडकं फेकत बसायचं असेल तर बस.

पार्सलात पापड आहे. जाळी ताणून घेतलीय, मशीन दुरुस्त होईपर्यंत गुरुसिद्धप्पाच्या डोक्यावर बसलो होतो. मूठ बारीक आहे, मी बोटं लावून बघितली, माझी दुमडून परत आली. त्याच्या बदल्यात दिवाळीपर्यंत त्याच्या दुकानात बसायचं कबूल केलंय. म्हणाला, "तू गिऱ्हाईकाला टाकून बोलतोस, पण ते रागानं का होईना घेऊन जातंय. बस. पण पळायचं न्हाय." कारवार कुठं पळून जात नाही.

जोती

ता. क. कोपराला बर्फ नको, शेक. बर्फ ही साहेबी गोष्ट आहे. किंवा बर्फच लाव, मला काय कळतंय.


पुणे, २३ सप्टेंबर

जोतीदादा,

रखवालदारानं पार्सल दिलं. वर म्हणाला, "तुझा भाऊ लई बोलतो." मी म्हटलं, लिहितो त्यापेक्षा कमीच.

आरोहीच वाट्याला आली. मी पापड घेऊन कोर्टात शिरले तेव्हा सरांनी वरच्या सज्ज्यातून विचारलं, "ती कुठाय?" मी ऐकू आलं नाही असं केलं. दोनच दिवस हातात होती, पहिला डाव हात बसेपर्यंत गेला. सर सारखे ओरडत होते, मार, मार. आरोहीला वाटलं तिलाच सांगतायत. ती मारत सुटली. मी उंच उडवून मागं उतरवत गेले. ती मागून पुढं आली की परत मागं. तिच्या बुटांचा आवाज आधी टपटप येत होता, चौथ्या डावात फरफटत यायला लागला. शेवटच्या चेंडूला मी मारणार असं खांद्यानं दाखवलं, ती मागं सरकली, आणि मी नुसता टेकवला. टिनच्या वर बोटभर लागला आणि खाली बसला. ती बघत राहिली. मला खरंच ती काळी शेळी आठवली. आरोहीला सांगितलं नाही.

बाहेरून आलेल्या बाईंनी माझं नाव दोनदा विचारून घेतलं. वर्षभर मी इथंच. सर म्हणाले, "जिंकलीस, पण बघायला मजा नाही आली." मी म्हणाले, "सर, पळायला किती मजा आली ते आरोहीला विचारा." त्यावर त्यांनी मला कोर्ट झाडायला लावलं. झाडलं.

आता तुझं. काल रविवार, वॉर्डनच्या फोनवर तात्या बोलले. तू रोज संध्याकाळी क्लबात जातोस म्हणे. कानाला दोनदा लागलंय, एक दिवा फुटलाय. रोज जातोस हे तुझ्या पत्रात कुठंच नव्हतं. भिकार खेळ एवढंच होतं.

जडवाली परत पाठवतेय, मोरात गुंडाळून. तुझा मार दांडगा आहे आणि त्याला दिशा नाही. रॅकेट खेळावर ठरते, ही तुझ्यासाठीच बनलीय. गुरुसिद्धप्पांना दाखवू नको, ते परत विकतील.

सोनी


सोलापूर, १ ऑक्टोबर

सोने,

जिंकलीस ते तात्यानं सगळ्या क्लबाला सांगितलं. साहेब लोकांना वाटलं त्यांच्या रॅकेटमुळं. एवढ्या सगळ्यांना समजावत बसायला मला वेळ नाही.

दुकानात बसतोय. तुळजापूरला पायी जाणारे आत्तापासूनच बूट बघायला येतात. चालायला निघालेल्या माणसाला मी बसल्या जागेवरून बूट विकतोय, याच्यापेक्षा मोठी चेष्टा कुणी माझी केली नसेल. एक जण बूट हातावर तोलून म्हणाला, "हलका हाय वो, माल न्हाय." मी त्याला म्हणालो, तोलू नका, घालून चालून बघा. गुरुसिद्धप्पा कॅरम सोडून माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

पार्सल मिळालं. तुझ्या म्हणण्याला मी किंमत देत नाही. मी क्लबात जातो ते तात्याला गुडघ्यामुळं झाडू मारता येत नाही म्हणून. झाडून झालं की कोर्ट मोकळं असतं, तेवढ्यात थोडं. जडवाली नेली एक दिवस, वाया जायला नको म्हणून. तात्या आता घामाला येतो. परवा मी त्याचे चार गुण घेतले, त्यातला एक छताला लागून आला होता पण त्यानं दिला. खेळ अजूनही भिकारच आहे. भिंत जागची हलत नाही.

एक विचारायचं होतं. मोठ्या हाताला, आणि घाम फार येत असेल तर, मुठीवर कुठली पट्टी गुंडाळायची? दुकानात दोन प्रकार आहेत, एक खरखरीत आणि एक चिकट. हातावर तोलून काही कळत नाही. लवकर लिही, मी काही इथं कायमचा बसलेला नाही. सोमवारी तात्याशी परत खेळायचंय.

जोती